कॅम्परचा हिचवरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजा
अमेरिकेत मध्यम एसयूव्हीला कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) जोडताना एकूण वजन सगळे बघतात. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, पडणारा भार तपासायचा राहतो. तो कमी असला की हायवेवर कॅम्पर डोलू लागतो, आणि ते खरंच जिवावर बेतू शकतं.

१. सामान भरलेला कॅम्पर सपाट जागी समतल उभा करा, चाकांना ठोकळे लावा.
२. वीट आणि तीन फुटांवर बाथरूममधला काटा, दोन्ही एका पातळीत. वर भक्कम फळी ठेवून काटा शून्यावर आणा.
३. विटेपासून एक फुटावर कॅम्परच्या पुढच्या टोकाचा जॅक (उभा टेकू) फळीवर टेकवा. आकड्याला ३ने गुणा.

उत्तर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं: ३,५०० पौंडांना ३५० ते ५२५. कमी भरलं तर जड सामान अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे सरकवा. मात्र गाडीच्या हिचची मर्यादा ओलांडू नका.