कार्टून वाहिनीचं वेळापत्रक कसं बसवावं

आधी हाताशी असलेल्या भागांचा साठा मोजा. १९९१ मध्ये टर्नर या माध्यम समूहाने हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओचा संग्रह घेतला. त्याच्या जोरावर १ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत कार्टून नेटवर्क चोवीस तासांची वाहिनी म्हणून सुरू होऊ शकलं. ५२ भागांची मालिका सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवली, तर अकराव्या आठवड्यातच संपते. म्हणून नवा भाग आठवड्याला एकच ठेवा, बाकी दिवस जुने फिरवा. सलग कथानक असेल तर मात्र क्रम मोडू नका; मोडलेला क्रम मुलांना लगेच कळतो.

अर्ध्या तासात मालिकेला साधारण २२ मिनिटं: एक सलग गोष्ट, नाहीतर ११-११ मिनिटांच्या दोन. उरलेल्या वेळात जाहिराती आणि प्रोमो. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा, इतर दिवशी १२ मिनिटांची मर्यादा आहे. खरी चूक वेगळीच होते: मालिकेतल्या पात्राच्या खेळण्याची जाहिरात त्याच मालिकेच्या ब्रेकमध्ये गेली, की तो अख्खा कार्यक्रमच जाहिरात धरला जातो. त्यामुळे प्रत्येक ब्रेकची यादी मालिकेशी ताडून पाहा.

शाळेआधीची सकाळ आणि शाळा सुटल्यानंतरचे तास सर्वांत आधी भरा.