स्टेशनातून बोलावणं आलं तर: सही कुठे करायची, वकील कसा निवडायचा

"साहेबांनी बोलावलंय, जरा स्टेशनला येऊन जावा." बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असा फोन आला की घरचे पहिला फोन लावतात तो पुढाऱ्याला. पुढारी म्हणतो, "सीपीआय (सर्कल पोलीस इन्स्पेक्टर) ओळखीचे आहेत, मी बोलतो, तू बिनधास्त जा." माणूस बिनधास्त जातो, वाचता न येणाऱ्या कन्नड कागदांवर सह्या करून येतो. पुढे चार्जशीट हातात पडली की वकिलासमोर बसून म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." पुढाऱ्याला फोन जरूर करा, पण वकिलानंतर. लोकांबरोबर वर्षानुवर्षं स्टेशनच्या पायऱ्या चढून माझं हे मत पक्कं झालंय.

१. कोण म्हणून बोलावलंय ते विचारा

साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, हे फोनवरच विचारा आणि लेखी नोटीस मागा. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५(३) ची नोटीस, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारा कागद, ही जुन्या लोकांच्या तोंडची ४१-अ. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र रीतसर हातात आली तर तारीख चुकवू नका. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणाऱ्याच्या बाबतीत त्यांना आयतं निमित्त मिळतं.

साक्षीदार बाई असेल, साठीच्या पुढचा किंवा पंधराच्या आतला असेल, आजारी किंवा अपंग असेल, तर त्याच्यावर स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. तरी आजीला रिक्षात घालून नेणारे महाभाग दर पावसाळ्यात बांधाची भांडणं झाली की दिसतातच.

२. एफआयआरची प्रत मिळवा

कर्नाटक पोलिसांच्या वेबसाइटवर बघा, नाहीतर वकिलाला कोर्टातून काढायला सांगा. संवेदनशील गुन्ह्यांची प्रत ऑनलाइन दिसत नाही. तक्रारदार तुम्ही असाल तर ती तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. तक्रार मराठीत दिली तरी चालते: घटनेचं कलम ३५० कुठल्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. "कन्नडमध्येच आणा" असं ऐकवलं तर टेबलावर हात आपटू नका. गुन्हा नोंदवून घ्यायलाच नकार मिळाला, तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने वर पाठवा. बेळगाव शहरातली असेल तर पोलीस कमिशनरांकडे, खानापूर-निपाणीकडची असेल तर एसपींकडे.

३. सही: इथे घाई नको

सगळी गोम इथे आहे. "सही करूच नका" असं सांगणारे आणि "करून टाक, काही होत नाही" असं सांगणारे, दोघेही सारखेच घातक. कागद कोणता यावर सही ठरते.

चौकशीत पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर सही करायचीच नसते. कायद्यातच तसं आहे, संहितेच्या कलम १८१ मध्ये. रायटर, म्हणजे स्टेशनातला लिखापढी करणारा पोलीस, भराभर कॉम्प्युटरवर टाइप करतो, प्रिंट काढतो, दोन ओळी मराठीत सांगतो आणि पान पुढे सरकवतो. तळाशी "वाचून दाखवलं, बरोबर आहे" अशा अर्थाची कन्नड ओळ आधीच छापलेली असते. आवाज न चढवता म्हणायचं, "साहेब, हा जबाब आहे ना? मग यावर सही लागत नाही." बहुतेक वेळा रायटर एकदा वर बघतो आणि पान मागे घेतो. त्यालाही कायदा माहीत असतो.

नोटीस मिळाल्याची पोच, अटकेचा मेमो आणि तुम्ही स्वतः दिलेली फिर्याद हे कागद वेगळे. त्यांवर सही लागते, आणि ती अडवून धरलीत तर नुकसान तुमचंच. पण कन्नड वाचता येत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर समजलेला नाही." पुढे तारीख आणि वेळ, मग सही. शेवटची ओळ आणि तुमची सही यांच्यात कोरी जागा दिसली की त्यावर आडवी रेघ मारा. कोणी म्हणेल, "कागद खराब केलास." करू दे खराब. मजकूर समजला नव्हता हे पुढे नुसतं तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही. तिथे लिहिलेली ती एक ओळ दाखवता येते.

कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. कोणीही सांगितलं तरी नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढा भाग चालतो. म्हणून "बोललो तरी काय होतंय" या भ्रमात राहू नका. नाव-पत्ता सांगा. स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती घटनेच्या कलम २०(३) मुळे नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. तो पूर्ण वेळ शेजारी बसेल अशी मात्र अपेक्षा ठेवू नका.

४. अटक झालीच तर

घरच्यांनी लगेच वकिलाला मेसेज टाकायचा: कोण, कुठून, किती वाजता नेलं. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. सकाळी आणलेला माणूस कागदावर संध्याकाळी अटक झालेला दिसतो, तेव्हा हा मेसेज कामाला येतो. स्टेशनात सीसीटीव्ही असावेत असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा आदेश आहे. ते फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाने पहिल्याच तारखेला टाकावा.

आता आपल्या भागाच्या कामाची गोष्ट. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. गुन्हा कुठलाही असो. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी (कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर) उभं करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. हा कागद कन्नडमध्येच मिळाला असेल आणि तुम्हाला फक्त मराठी कळत असेल, तर मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर तेच आधी सांगा. मारहाण झाली असेल तर तीही तेव्हाच. "नंतर बघू" म्हणून गप्प बसलेल्याचं पुढे कोणी खरं मानत नाही.

५. वकील

माझं म्हणणं अनेकांना पटत नाही, तरी सांगतो: मराठी बोलणारा वकील शोधत बसू नका, कन्नड सराईतपणे वाचणारा शोधा. दोन्ही येणारे बेळगावात भरपूर आहेत, म्हणून प्रश्न सहसा पडत नाही. पण पाहुणे कोल्हापुरात आहेत म्हणून तिकडचा नामांकित वकील आणायची हौस अनेकांना असते. सनद असलेला वकील देशात कुठेही उभा राहू शकतो, हे खरं. मात्र एफआयआर, पंचनामा, जबाब सगळं कन्नडमध्ये. तो ते कोणाकडून तरी वाचून घेणार आणि एखादी ओळ निसटणार. शिवाय इथली केस हायकोर्टात गेली तर कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, पण ते मुंबई हायकोर्टाचं. गुन्हा महाराष्ट्रातल्या चंदगड पोलिसांत नोंदला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोल्हापूरचाच वकील बरा.

पहिल्या भेटीत एक प्रश्न टाका: "चार्जशीट किती दिवसांत आली नाही तर जामीन हक्काने मिळतो?" उत्तर ६० किंवा ९० दिवस, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे, आणि अर्ज चार्जशीट दाखल होण्याआधी पडला पाहिजे. जो "ते मी बघतो" म्हणतो, त्याच्याकडून उठा. "जामीन शंभर टक्के" म्हणणाऱ्याकडूनही उठा. "एवढे साहेबांना द्यावे लागतील" म्हणणाऱ्याकडून तर पळा.

फी टप्प्याने ठरवा: जामिनाची वेगळी, खटल्याची वेगळी, आणि पावती घ्या. "केस जिंकल्यावर द्या" असा करार बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. पटलं नाही तर वकील बदलता येतो. थकलेल्या फीसाठी तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच ठरवून दिलंय. वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही करणारा हिंडलगा जेलमध्ये असेल तर सही जेलमार्फत होते, त्यात वेळ जातो. म्हणून शक्य असेल तर पहिल्या रिमांडलाच कोर्टात सही घ्या.

पैसे नसतील तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तो फुकटचा म्हणजे हलका असतो, हा समज काढून टाका.

६. जामीनदार

आधार आणि जमिनीचा उतारा घेऊन तयार ठेवा. पाहुण्यांची जमीन चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल तर "इथलाच जामीनदार आणा" असं ऐकावं लागतं. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारण्यावर सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या मोती राम प्रकरणात कडक शब्दांत ताशेरे ओढलेत. त्या निकालाची प्रत वकिलाला सोबत ठेवायला सांगा. सातबारा मात्र जुना नको, तलाठ्याच्या सहीचा ताजा आणा.