विधवा प्रथा बंद करायचीय? ठरावाआधी माणसं जोडा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या गावात हे करायचं असेल तर ठरावाचा कागद शेवटी हातात घ्या. कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला ग्रामपंचायत येत नाही. येतात त्या जाऊ, नणंद, चुलत सासू, शेजारची जाणती बाई.

आधी त्या बायका शोधा. कुणाच्या घरी माणूस गेलं की बोलावणं कुणाला जातं, हे प्रत्येक भावकीत ठरलेलं असतं. अशा चार-पाच जणी पुरेत. एकेकीला तिच्या घरी भेटा, आणि एकटे जाऊ नका. तिचा विश्वास असलेली आशाताई किंवा बचत गटातली मैत्रीण सोबत असू द्या. भाषण नको. तिने आजवर काय पाहिलं, ते विचारा आणि ऐकत बसा. यातल्या कितीतरी जणी स्वतः त्यातून गेलेल्या असतात. “रीत मोडली तर घराला बाधा होईल” ही भीती खरी असते, तिला हसू नका. अशा वेळी भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द तुमच्या दहा मुद्द्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग पुरुषांशी बोला. “माझ्यामागे हिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत,” असं नवऱ्याने भावांसमोर, मुलांसमोर जिवंतपणी सांगितलं तर पुढे कुणाला बोट दाखवता येत नाही. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी तर स्वतःपुरतं तसं शपथपत्रच केलं.

माहेर हमखास विसरलं जातं. सासरचं गाव तयार असतं, पण मातीला आलेली माहेरची माणसंच “हे काय चाललंय?” म्हणून अडून बसतात. म्हणून सोयरिकीतल्या गावांतही बचत गटांमार्फत, लेकीसुनांमार्फत हा विषय आधीच पोचवा.

आता ग्रामसभा. तिच्याआधी महिला सभा होते, विषय तिथेच घ्या. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे लागतात. तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या भावकीतले ठेवा, म्हणजे ठराव एका गटाचा ठरत नाही.

खरी कसोटी मृत्यूच्या दिवशी लागते. त्या घाईत कुणाला पटवता येत नाही, म्हणून दोन बायका आणि एक जाणता पुरुष आधीच नेमून ठेवा. निरोप मिळताच बायकांनी नवरा गेलेल्या बाईजवळ जाऊन बसावं आणि स्मशानातून माणसं परतेपर्यंत उठू नये. दहाव्याला पुन्हा जावं. मात्र मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं, हे तीच ठरवेल. काढायचंच म्हणाली तर आपणही जबरदस्ती करायची नाही.

दिवस झाल्यावर याच दोघींनी वारस नोंदीसाठी तिच्याबरोबर तलाठ्याकडे जावं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नुसतं बोलावणं धाडू नये. घरी जाऊन तिला सोबत घेऊन यावं आणि सगळ्यांत आधी तिला हळदीकुंकू लावावं.