भिंतीवर आपली माणसं, आपल्या आवडी

घर कोणाचं आहे, ते सोफ्यापेक्षा भिंत लवकर सांगते. म्हणून दुकानातली तयार चित्रं नकोत. आजीचा लग्नातला फोटो, गावच्या घराचं रेखाटन, जपून ठेवलेलं नाटकाचं तिकीट, असे सात-आठ जिन्नस फ्रेम करून भिंतीवर लावायला निवडा.

आधी भिंत बघा. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत मुंबईत ओल धरते. तिथे फ्रेमच्या मागे बुरशी येते. आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम.

फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून कागदी टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. मांडणीचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंमी, दोन फ्रेममध्ये 5 सेंमी. सोफ्याच्या वर 15 ते 20 सेंमी सोडा, नाहीतर डोकं आपटतं.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नका, आत वायर असते. 6 मिमीचं भोक, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारी छोटी नळी), मग स्क्रू. नुसता खिळा ठोकला की प्लास्टरचा पोपडा निघतो आणि फ्रेम लोंबकळते.

सर्वात महत्त्वाचं: फोटो काचेला टेकू देऊ नका. दमट हवेत तो चिकटतो, सोडवताना चेहराच सोलून निघतो. मधे माउंट बोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट हवीच. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, हवा खेळते. मूळ फोटो एकच असेल तर स्कॅन करून प्रत लावा.