नर्सिंगला प्रवेश घेतलाय, सोबत नोकरीही करायची आहे

शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी नऊ वर्षं मशीनवर बसले आणि तिसाव्या वर्षी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आले. सोलापुरात यंदा कुणी शिलाई, बिड्या किंवा दुकानाचा काउंटर सोडून नर्सिंगला येत असेल, तर नोकरी शोधायला बाहेर पडण्याआधी कॉलेजचं वेळापत्रक हातात असू द्या. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. दोन्हीकडे वर्गाबरोबर वॉर्डातली पोस्टिंग असते, सकाळची, दुपारची, पुढे रात्रीचीही. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे बुडलेले तास शेवटी भरून द्यावेच लागतात.

म्हणून कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठवडा आखा. कॉलेज, वॉर्ड, बसचा वेळ, घरचा स्वयंपाक आणि झोप, सगळं मांडा. माझ्याकडे दिवसाला तीन तास उरले. मग तीन तासांचंच काम शोधायचं, पाच तासांचं घेऊन झोप कापायची नाही. वॉर्डात डुलकी लागली तर चूक पेशंटला भोवते. पोस्टिंग बदलली की तक्ताही बदलतो, त्यामुळे "ड्युटी बदलली तर वेळ बदलून द्याल का?" हे पगाराच्या आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठा.

घरी बसून पीसवर शिलाई करणं सगळ्यात सोयीचं. बंडल आणायचं, जमेल तेव्हा कॉलर लावायच्या. पण बोटाला सुई लागली की दुसऱ्या दिवशी ग्लोव्हजखाली ते दिवसभर झोंबतं, आणि जखम उघडी ठेवून पेशंटला हात लावायचा नसतो. तेव्हा पोस्टिंगच्या आठवड्यात बंडल कमी घ्या. दवाखान्यातलं रिसेप्शन किंवा लॅबचा काउंटर मला जास्त आवडला, कारण तिथे माणसं कळतात. पूर्व भागातली आजी तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडून आलेले काका कन्नडमध्ये. "एक्कड नोप्पी?", "एल्ली नोवु?", म्हणजे कुठं दुखतंय, एवढं विचारता आलं तरी त्यांचा चेहरा सैल होतो. ही शिदोरी पुढे वॉर्डात रोज कामी येते. घरच्या पेशंटजवळ रात्रपाळीला पैसे बरे मिळतात, पण ती सुट्टीच्या आदल्या रात्रीच धरा.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. लहान दवाखान्यात "तू शिकतेयसच की" म्हणत सलाईन, इंजेक्शन हातात देतात आणि सिस्टर म्हणून उभं करतात. कोर्स पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करायचं नाही. कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे शिकायला मिळतंच.

कागदांची फाइल तयार ठेवा: दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, फोटो, जुन्या कामाचा अनुभवाचा दाखला. ओरिजिनल दाखवा, पण देऊ नका. एका ठिकाणी माझी बारावीची मार्कशीट "जमा" करून घेतली आणि काम सोडताना पगारासकट अडकवून ठेवली. ती परत मिळवायला दीड महिना खेटे घातले, एक चाचणी परीक्षा बुडाली. तेव्हापासून झेरॉक्सवर मी "फक्त नोकरीच्या अर्जासाठी" असं लिहून तारीख टाकते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला लवकर काढा, सेतूत प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते.

आणि पहिल्या पोस्टिंगच्या बरंच आधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा. पहिल्या डोसनंतर महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, असा तिचा हिशेब असतो. लॅबमध्ये किंवा पेशंटजवळ काम धरणार असाल तर तुम्हाला ती आणखी लवकर हवी. डोसचं कार्ड त्याच फाइलमध्ये, मार्कशीटच्या मागे ठेवा.