टेबलात ओळी किती? अंदाजच दाखवा
डेटाबेस तपासायचं ओपन सोर्स टूल लिहिताना डावीकडच्या यादीत प्रत्येक टेबलासमोर ओळींची संख्या दाखवायचा मोह होतोच. त्यासाठी सरसकट सिलेक्ट काउंट (ओळी नेमक्या मोजणारी क्वेरी) चालवू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी अख्खं टेबल किंवा अख्खा इंडेक्स वाचावा लागतो. कोट्यवधी ओळी असल्या की टूल तर अडकतंच, वर चालू सर्व्हरवर फुकटचा भार. त्याऐवजी पीजी_क्लास या कॅटलॉगमधला, म्हणजे पोस्टग्रेस टेबलांची माहिती ठेवतो त्या यादीतला, रेलटपल्स हा कॉलम वाचा; त्यात ओळींचा अंदाज असतो.

खरी गोम पुढे आहे. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून, ज्या टेबलावर व्हॅक्यूम (साफसफाई) किंवा ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करणं) कधी झालंच नाही, तिथे हा आकडा -१ असतो. तो तसाच छापलात तर लोक हसतील, इतकंच. पण त्याचं शून्य केलंत तर कुणीतरी टेबल रिकामं समजून ड्रॉप करून, म्हणजे उडवून, मोकळं होईल! तिथे सरळ ‘माहीत नाही’ लिहा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनातही टेबल_रोज हा ओळींचा आकडा अंदाजच, आणि तो ४०-५० टक्क्यांनीही चुकू शकतो. म्हणून आकड्याआधी ‘अंदाजे’ हवंच. नेमकी मोजणी ज्याला हवी त्याच्यासाठी वेगळं बटण द्या, आणि त्या क्वेरीला टाइमआउट (वेळेची मर्यादा) लावा.