मोरीवर लाकडी झाकण करताय? या चुका टाळा

आमच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, नहाणी ट्रॅपभोवती (म्हणजे पाणी जायची जाळी आणि तिच्याखाली थोडं पाणी धरून ठेवणारा सापळा) फरशीत एक चौकोनी खाच आहे. साडेदहा इंच बाय चौदा, खोली दीड इंचाच्या आसपास. येता-जाता पाय मुरगळायचा, म्हणून एप्रिलमध्ये मी त्यावर सागवानी झाकण केलं. बसवलं तेव्हा आगपेटीच्या डबीसारखं सरकत आत गेलं, आणि मी दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होतो. जुलैत एका रविवारी मशीनचं पाणी चढलं, बाल्कनीभर फेस झाला आणि झाकण काही केल्या निघेना. आई म्हणाली, "अरे, मोरीला झाकण लावलंस की कुलूप?"

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, घट्ट माप. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, लाकूड आक्रसलेलं असतं. पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. दहा इंच रुंदीची सागाची अखंड फळी रुंदीत तीन-चार मिलिमीटर सहज वाढते, लांबीत मात्र फरक नावालाच पडतो. म्हणून अखंड फळी घेऊ नका, पट्ट्या घ्या. माझं दुसरं झाकण असं आहे: दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा सहा पट्ट्या, प्रत्येक दोन पट्ट्यांत दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट, आणि खालून दोन आडव्या पट्ट्या. चारही बाजूंनी फरशीपासून एक सूत मोकळं. पट्टी फुगली की ती शेजारच्या फटीत पसरते. बाहेरचं माप आडव्या पट्ट्यांच्या लांबीवर ठरतं आणि लांबी वाढत नाही, त्यामुळे झाकण अडकत नाही.

माप घेताना टेपवर विसंबू नका. फरशीवाल्याचा काटकोन हा त्याचा आणि त्याच्या परमेश्वराचा प्रश्न असतो. जाड पुठ्ठा खाचेत बसेपर्यंत कापत जा आणि तोच लाकडावर ठेवून आखा.

लाकडाबद्दल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये छोटे तुकडे मागायला लाजू नका, एवढ्याशा कामाला तेच पुरतात. तुकडा गाभ्याचा घ्या. सागाची पांढरी कड पाण्यात टिकत नाही, पॉलिशखाली ती लपते एवढंच. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तम, पण रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा निघाला तर पातं गेलंच. भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडून येणारं पॅकिंगचं पाइन स्वस्त पडतं, पण मोरीत ते लवकर कुजतं. 'आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) आहे, काही होत नाही' असं सांगून मरीन प्लाय गळ्यात मारला जातो. त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण कापलेल्या कडेतून आतलं लाकूड पाणी पितंच. एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) नावही काढू नका.

दुसऱ्या झाकणातही मी एक घोळ केलाच. खालच्या आडव्या पट्ट्या थेट तळाला टेकल्या होत्या आणि नेमक्या पाण्याच्या वाटेत आडव्या आल्या. दोन बांधच झाले म्हणा. त्यांच्यामागे पाणी साचून महिन्याभरात खालची बाजू काळी, बुळबुळीत झाली. मग पट्ट्यांखाली चार रबरी पाय लावले आणि मधोमध अर्धवर्तुळाकार खाच काढली. तळाला जाळीकडे उतार असतोच, त्यामुळे चारही पाय एका उंचीचे ठेवले तर झाकण डुगडुगतं. उताराच्या बाजूच्या पायांखाली रबराचा जादा तुकडा घाला.

लोखंडी स्क्रू नकोत. गंजतात आणि सागावर काळे ओघळ उमटतात. बोहरी आळीत स्टेनलेस स्टीलचे सव्वा इंची मिळतात. आधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर पट्टी टोकाला चिरते. स्क्रू खालून मारले की पायाला लागत नाहीत. मशीनच्या पाइपसाठी कोपऱ्यात खाच ठेवा आणि बोट घालून उचलायला एक भोक. पहिल्या झाकणाला मी 'दिसायला वाईट' म्हणून भोक ठेवलं नव्हतं, त्याचं फळ वर सांगितलंच आहे.

चकचकीत मेलामाइन किंवा लाखेचं पॉलिश करू नका. लाख पाण्याने पांढरी पडते, मेलामाइनचे पापुद्रे निघतात. दुकानात तयार मिळणारं 'उकळलेलं' जवसाचं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) पातळ हाताने तीन-चारदा लावा, टोकांना जास्त, कारण पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्या. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मगच फेका.

झाकणामुळे वास किंवा झुरळं थांबतील ही समजूत काढून टाका. वास अडवतं ते ट्रॅपमधलं पाणी, आणि कचरा अडवते ती खालची जाळी, म्हणून ती काढू नका. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात तर ते पाणी आटतं. निघताना तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओता. आठवड्यातून एकदा झाकण उचलून केस-कचरा काढा आणि ते कडेवर उभं वाळवा. बाथरूमचं ॲसिड लाकडावर सांडू देऊ नका.

आणि आत्ताच अडकून बसलं असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उपटू नका. मी तसंच केलं आणि फरशीचा कपचा उडाला. मशीन बंद ठेवा, दोन दिवस टेबल फॅन लावा. तरी हललं नाही, तर दोन टोकांना दोन लांब स्क्रू अर्धे आत पिळा, त्यांना सुतळी बांधा आणि दोघांनी मिळून सरळ वर ओढा.